हलके चाक हवे, पण मसाई पठारावरून घरी आणणारे हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की कोल्हापुरातून पन्हाळा, जोतिबा, गिरोली आणि मसाई पठाराच्या वाटांवर माउंटन बाइक घेऊन निघणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि त्याच सुमारास शहरातील सायकल दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: बेताच्या पैशांत हलकी आणि तरीही टिकाऊ चाके कोणती घ्यावीत? या प्रश्नाला बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचे नाव सांगून उत्तर दिले जाते. माझ्या मते कंपनीचे नाव हा विचारातला सर्वांत शेवटचा मुद्दा आहे. चाक एकाच वेळी हलके आणि टिकाऊ होते ते मुख्यतः त्याच्या स्पोकांमुळे आणि ते स्पोक ज्यांनी ताणून बसवले त्यांच्या हातामुळे, आणि आपण मात्र हाताशी असलेले पैसे नेमक्या याच दोन गोष्टी वगळून बाकी सगळीकडे खर्च करतो. मी नोकरीची वर्षे उद्यमनगरातील यंत्रशाळांत सुट्या भागांच्या तपासणीत घालवली आणि सायकल हौसेने चालवत आलो. आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी जे सध्या चाके बदलण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी हे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी वजनाचा विचार करू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. चाकाच्या कडेवरचे वजन कमी केले की दुप्पट फायदा होतो, असे दुकानदार सांगतात आणि ते अर्धे खरे आहे. सायकल वेग घेते तेव्हा रिम आणि टायर पुढेही सरकतात आणि स्वतःभोवतीही फिरतात, त्यामुळे तिथला एक ग्रॅम फ्रेममधल्या जवळजवळ दोन ग्रॅमांइतकी ऊर्जा खातो; हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, वजन मध्याजवळ असल्याने ते मात्र साध्या वजनासारखेच भरते. पण हा हिशेब वेग वाढवण्यापुरता आहे. एकसारख्या गतीने चढ चढत असताना वजन फिरणारे आहे की स्थिर, याने काहीही फरक पडत नाही. वाघबीळपासून पन्हाळ्याकडे जाणारा चढ घ्या. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो वजन आहे आणि वर जायला अर्धा तास लागतो असे धरले, तर दोन्ही रिममध्ये मिळून ३०० ग्रॅम वाचवल्यावर आपण सहा-सात सेकंद आधी पोहोचतो. शर्यतीत उतरणाऱ्याला ते सेकंद मोलाचे असतील; रविवारी सकाळी वर जाऊन झुणका-भाकर खाऊन उतरणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचे काही करता येत नाही.

वजनाला अर्थच नाही, असे मला म्हणायचे नाही. पठारावरच्या खडकाळ वाटेवर, जिथे दर थोड्या अंतराने वेग मोडतो आणि पुन्हा घ्यावा लागतो, तिथे जड कडेचे चाक पायांना नक्की जाणवते. मात्र वजन काढायचेच असेल तर ते आधी टायरमधून काढावे, कारण टायर हा चाकाचा सर्वांत बाहेरचा भाग आहे आणि तो झिजला की आज ना उद्या बदलावाच लागणार आहे. नव्या सायकलींवर बहुधा तारेच्या कडेचे टायर येतात. त्यांच्याऐवजी घडी होणारे टायर घेतले तर एका टायरमागे सहज शंभर ग्रॅम, काही वेळा त्याहूनही बरेच अधिक वजन कमी होते. हीच बचत रिममधून मिळवायला गेले तर कितीतरी पट पैसे लागतात, आणि शिवाय रिमची ताकद खर्ची पडते ती वेगळीच.

आता स्पोकांकडे येतो. तुटलेला स्पोक फेकून देण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावा. बहुतेक वेळा तो हबच्या भोकातून बाहेर पडून जिथे वळतो त्या वाकणातच तुटलेला असतो. तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिले तर एका बाजूला काळपट, गुळगुळीत चंद्रकोर दिसते आणि उरलेला भाग खरबरीत, ताज्या धातूसारखा चमकदार असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तपासणीचे काम करणाऱ्या कोणालाही हे तोंड लगेच ओळखता येईल. काळपट भाग म्हणजे जुना तडा, जो हळूहळू आत सरकत होता. चमकदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला उरलासुरला धातू. म्हणजेच, ‘गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात स्पोक गेला’ असे आपण म्हणतो खरे, पण तो स्पोक त्याआधी कितीतरी दिवस मरत होता. खड्ड्याने फक्त तारीख ठरवली.

हा तडा पडतो कसा, ते समजले की चाक निवडण्याचे निम्मे काम झाले. चाकावर भार येतो तेव्हा जमिनीलगतच्या मोजक्या स्पोकांमधला ताण कमी होतो आणि ते स्पोक वर जाऊ लागले की ताण पुन्हा भरून येतो. २९ इंची चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ४३५ वेळा फिरते, तेव्हा शंभर किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक स्पोक ४३ हजारांहून अधिक वेळा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा चढउतार धातू निमूटपणे सोसतो. ताण कमी असेल तर तळाशी आलेला स्पोक पार ढिला पडतो, वाकणाशी हबच्या भोकात हलतो, आणि तडा तिथेच सुरू होतो. सैल सुंभाच्या बाजेवर बसले की भार मोजक्याच पेडांवर येऊन तेच आधी तुटतात, तसेच इथेही होते: चाकातला एखादा स्पोक सैल राहिला की त्याच्या वाट्याचा भार शेजारचे ओढतात आणि मग तेही जातात. नवा स्पोक घातल्यावर महिन्याभरात दुसरा तुटला, मग तिसरा, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. तिचे कारण स्पोकांच्या प्रतीइतकेच त्या चाकाच्या मूळ ताणात असते.

म्हणून नव्या चाकात पहिली चौकशी स्पोकांची करावी. बाजारात साधे स्पोक मिळतात, जे टोकापासून टोकापर्यंत २ मिलिमीटर जाडीचे असतात, आणि दुसरे मिळतात ज्यांची दोन्ही टोके २ मिलिमीटर, पण मधला भाग १.८ मिलिमीटर असतो. दुकानात यांना डबल बटेड म्हणतात. मध्ये बारीक केलेला स्पोक कमकुवत असणार, असे कोणालाही वाटेल, आणि घडते नेमके उलटे. मधला बारीक भाग अधिक ताणला जातो, त्यामुळे रिम खाली दबली तरी स्पोक एकदम ढिला पडत नाही, धक्का आपल्या लांबीभर सोसतो आणि वाकणाला व चुडीला (टोकाच्या आट्यांना), म्हणजे जिथे तुटण्याची भीती अधिक, तिथे कमी ताण पोहोचवतो. साधा स्पोक सात ग्रॅमांच्या आसपास भरतो आणि हा सहाच्या आसपास; दोन चाकांच्या ६४ स्पोकांत ६०-७० ग्रॅम वजन कमी होते. वजन घटते आणि आयुष्य वाढते, असे दोन्ही एकाच खर्चात देणारा सायकलचा दुसरा भाग माझ्या तरी पाहण्यात नाही. जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्त स्पोक मात्र टाळावेत. आपल्याकडच्या पावसात मुलामा उडाला की गंज धरतो, आणि गंजाचा प्रत्येक खड्डा हा पुढच्या तड्याचा आरंभ असतो. स्टेनलेस स्टीलचेच स्पोक मागावेत.

स्पोकांची संख्या हा दुसरा मोहाचा विषय आहे. कमी स्पोकांची चाके दिसायला देखणी असतात आणि वजनाच्या तक्त्यातही बरी दिसतात. ३२ ऐवजी २४ स्पोक घेतल्याने एका चाकामागे पन्नास-साठ ग्रॅम वाचतात, याहून जास्त नाही. त्याच्या बदल्यात काय गमावतो ते मसाई पठारावर स्पोक तुटल्यावर कळते. ३२ स्पोकांच्या चाकात एक गेला तर शेजारचे दोन-तीन स्पोक थोडे ढिले-घट्ट करून चाक निदान फ्रेमला न घासता फिरते आणि माणूस सावकाश खाली उतरतो. २४ स्पोकांच्या चाकात तोच प्रसंग आला तर चाक इतके वाकडे होते की सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. त्यातही सरळ टोकाचे किंवा कंपनीच्या खास आकाराचे स्पोक असतील तर ते कोल्हापुरात मिळतीलच याचा भरवसा नाही, आणि कुरियरची वाट पाहत सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून उभी राहते. डिस्क ब्रेक असलेल्या चाकात ब्रेकचा सारा जोर हबमधून स्पोकांवाटे रिमपर्यंत जातो, म्हणून स्पोक एकमेकांना तीन वेळा छेदतात ती जुनीच बांधणी आणि ३२ स्पोक हे सर्वसाधारण वजनाच्या स्वाराला आजही सर्वांत शहाणपणाचे आहे.

स्पोकाला रिममध्ये धरून ठेवणाऱ्या निपलांविषयी एका वाक्यात सांगतो: ॲल्युमिनियमच्या निपलांनी चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण आपल्या चिखलपाण्यात ती स्पोकाच्या चुडीवर जाम होतात आणि पान्हा लावला की फुटतात, तेव्हा पितळीच घ्यावीत.

इतके सगळे चांगले सामान जमवले तरी चाक बांधणारा हात कच्चा असेल तर ते टिकत नाही, आणि मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. कारखान्यातून खोक्यात येणारी बेताच्या किमतीची चाके यंत्रावर बांधलेली असतात. ती फिरवून पाहिली तर सरळ दिसतात, म्हणून दुकानदार ती तशीच बसवून देतो. पण सरळ चाक आणि सारख्या ताणाचे चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पोक फार घट्ट आणि शेजारचा फार सैल ठेवूनही रिम सरळ दाखवता येते. मंगळवार पेठेतील एका जुन्या मिस्त्रींचे काम पाहण्यासारखे असते. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढण्याआधी ते चाक स्टँडवर लावून एकेका बाजूचे स्पोक नखाने वाजवत जातात आणि आवाज उतरला की तिथे खडूची खूण करतात. मग चुडीवर तेलाचा थेंब, मग पाव-पाव फेऱ्याने पान्हा, आधी उभा आउट आणि नंतर आडवा, आणि शेवटी दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून करकचून आवळणे. त्या आवळण्यात वाकणे हबवर नीट बसतात आणि पीळ पडलेले स्पोक कुरकुरत सुटतात. चाक पुन्हा थोडे बिघडते, ते पुन्हा सरळ करावे लागते, आणि मिस्त्री हे सारे दोन-तीनदा करतात. ताणमापक असेल तर उत्तमच. मागच्या चाकात साखळीच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण बहुतेक मजबूत रिमना मानवतो, तरी रिमवर कंपनीने दिलेली मर्यादा आधी पाहावी. डाव्या बाजूला तो कमी असतो, कारण कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअर-चकत्यांच्या संचाला, जागा करून देण्यासाठी हबची उजवी कडी (स्पोक अडकवायची भोकांची कड) आत सरकवलेली असते. मागच्या चाकाचे डावे स्पोक वारंवार सैल पडतात ते याचमुळे, आणि तपासताना तिकडे आधी पाहावे.

या कामाला मजुरी किती द्यायची, हा प्रश्न आला की आपण एकदम कंजूष होतो. हजारोंचे चाक घेणारा ग्राहक ते नीट ताणून घेण्याचे काहीशे रुपये वाचवतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे. प्रत्यक्षात बेताच्या पैशांत करता येण्यासारखी पहिली सुधारणा म्हणजे नवे चाक घेणे नव्हे. आहे तेच चाक, रिम धड असेल तर, चांगल्या मिस्त्रीकडून नव्याने ताणून घेणे. आणि ते शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा दाखवणे.

रिमबाबत थोडक्यात. दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम हवी. एकेरी भिंतीची रिम दगडावर आपटली की चेपते आणि सरळ होत नाही. २९ इंची रिम ४५० ते ५५० ग्रॅमांच्या दरम्यान असेल तर सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या स्वाराला पुरेशी हलकी आणि पुरेशी दणकट ठरते. ४०० ग्रॅमांखालची ॲल्युमिनियमची रिम ही शर्यतीची वस्तू आहे आणि तिची भिंत पातळ असते. जड स्वाराने किंवा पाठीवर सामान नेणाऱ्याने मागची रिम पुढच्यापेक्षा जड घ्यायला हरकत नाही, कारण वजन बहुतांश मागेच पडते. दोन्ही चाके जोडीनेच घ्यावीत असा काही नियम नाही. आतली रुंदी २३-२५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर आपल्याकडे सर्रास मिळणारे सव्वादोन इंची टायर त्यावर नीट बसतात. वापरलेली रिम घेत असाल तर प्रत्येक निपलाच्या भोकाभोवती नख फिरवून बघावे. केसाएवढी चीर दिसली तरी ती रिम घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. जुन्या सायकलची रिम गेली आणि हब व स्पोक चांगले असतील तर तेवढ्याच खोलीची नवी रिम शोधावी, ती जुन्या रिमला चिकटपट्टीने खेटून बांधावी आणि एकेक स्पोक या रिममधून त्या रिममध्ये सरकवत जावे. नवी निपले घातली की संपूर्ण नवे चाक जवळपास एका रिमच्या खर्चात तयार होते. खोली वेगळी असेल तर मात्र जुने स्पोक आखूड किंवा लांब पडतात, म्हणून हा हिशेब आधी मिस्त्रीला विचारूनच करावा.

हबच्या बाबतीत फसगत होते ती मापांमुळे. बेताच्या किमतीच्या सायकलींत मागचा हब बहुधा १३५ मिलिमीटर रुंदीचा आणि क्विक रिलीजचा, म्हणजे हाताने खटका फिरवून सुटणारा, असतो. त्यावरच्या सायकलींत १४२ मिलिमीटर लांबीचा व १२ मिलिमीटर जाडीचा आस येतो, आणि नव्या सायकलींत १४८ मिलिमीटरचा, ज्याला बूस्ट म्हणतात. बूस्टमध्ये हबच्या कड्या प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटरने बाहेर सरकवल्या आहेत, त्यामुळे स्पोकांचा कोन रुंदावतो आणि चाक अधिक ताठ होते. पण यासाठी फ्रेमच तशी लागते. ऑनलाइन स्वस्तात दिसलेली चाके मागवून ती फ्रेममध्ये न बसल्याने परत पाठवणारे अनेक आहेत. त्याबरोबरच डिस्कची चकती सहा बोल्टची की मध्यावर आवळायची, कॅसेट कोणत्या जातीचे, हेही आधी पाहून घ्यावे. सात गिअरच्या पुष्कळ सायकलींत कॅसेट नसून चुडीवर आवळलेले फ्रीव्हील असते. त्यात उजवे बेअरिंग फार आत राहते, आसाचे टोक आधाराविना लांब पडते आणि खड्ड्यांनी वाकते. अशा सायकलला चांगले चाक लावायचे तर फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसवायचा फिरता भाग, असलेलाच हब घ्यावा. गिअर सातच ठेवायचे असतील तर सात चकत्यांचे कॅसेट मागे साडेचार मिलिमीटरची कडी (स्पेसर) घालून त्यावर बसते, म्हणजे गिअरचा सगळा संच बदलण्याचा खर्च वाचतो.

छर्रे-कोनचा (सुटे छर्रे आणि त्यांना दाबून धरणारा शंकूसारखा कोन असलेला) हब घ्यावा की सीलबंद बेअरिंगचा, यावर दुकानांत वाद चालतात. माझे मत असे की कोल्हापुरात दोन्ही चालतात, आणि ही आपल्या गावाची सोय आहे. शिमानोचे डिओरसारखे मध्यम दर्जाचे हब छर्रे-कोनचे असतात आणि छर्रे बदलून, ग्रीस भरून, कोन बेताने आवळणारा मिस्त्री आपल्याकडे पेठापेठांत आहे. कोनवर खड्डे पडले तर कोन बदलता येतो. हबमधल्या वाटीला पडले तर मात्र हब गेला, म्हणून घरघर ऐकू आल्यावर चालढकल करू नये. सीलबंद बेअरिंगवर ६९०२ किंवा ६००१ असा क्रमांक कोरलेला असतो आणि तो घेऊन मोटारपंप व यंत्रांची बेअरिंगे विकणाऱ्या कोणत्याही दुकानात गेले तर तेच बेअरिंग मिळते. सायकलच्या दुकानातूनच घ्यायला पाहिजे असे नाही. ज्या हबच्या बेअरिंगचा क्रमांक विक्रेत्याला सांगता येत नाही आणि ज्याच्या फ्रीहबमधले कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) वेगळे मिळत नाहीत, तो हब कितीही हलका असला तरी आपल्या कामाचा नाही. तांबड्या चिखलात फिरून आल्यावर दुचाकी धुण्याच्या केंद्रावर हबवर जोराने पाण्याचा फवारा मारून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिने मात्र दोन्ही प्रकारचे हब सारखेच लवकर जातात.

टायरमधली हवा चाकाचे आयुष्य ठरवते, हे फार कमी जण लक्षात घेतात. आपल्याकडे हवा अंगठ्याने दाबून ‘टिच्च’ भरण्याची सवय आहे. सव्वादोन इंची टायरमध्ये ५०-६० पीएसआय भरली की जांभ्याच्या प्रत्येक कंगोऱ्याचा धक्का टायरने न सोसता रिम आणि स्पोक सोसतात. फार कमी भरली तर टायर चेपून रिमची कड दगडावर आपटते आणि ट्यूबला दोन छिद्रे पडतात. मध्यम वजनाच्या स्वाराने ट्यूब असताना पुढे २८ आणि मागे ३२ च्या आसपास सुरुवात करून आपल्या वाटेप्रमाणे थोडी कमी-जास्त करावी. ट्यूबलेस केल्यास हवा आणखी उतरवता येते आणि बाभळीच्या काट्यांचा त्रास जवळपास संपतो, मात्र छिद्रे बुजवणारा आतील द्रव आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतो आणि तो पुन्हा भरण्याची शिस्त ज्याला नाही त्याने ट्यूबच वापरावी. आणखी एक लहान गोष्ट: मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबला रिममध्ये साडेआठ मिलिमीटरचे भोक लागते आणि तिच्यात पेट्रोल पंपावर थेट हवा भरता येते, बारीक व्हॉल्व्हच्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकाची रिम घेतली तर जवळ पंप किंवा जोडणी बाळगावी लागते.

कार्बनच्या रिमचा मोह मी एका परिच्छेदात उरकतो. चांगली कार्बन रिम कमकुवत नसते. पण ॲल्युमिनियमची रिम चेपली तरी मिस्त्री ती ठोकून-ओढून घरी जाण्यापुरती सरळ करू शकतो, कार्बनला तडा गेला तर तसे काही करता येत नाही. आणि बेताच्या किमतीत जी मिळते ती बहुधा निनावी असते, जिच्यामागे हमी देणारे कोणी नसते. ज्याच्याकडे पैसे भरपूर आहेत त्याने ती जरूर घ्यावी, या पत्राचा विषय तो नव्हे.

खर्चाचा क्रम विचारला तर मी असा सांगेन. आधी आहे ते चाक ताणून घ्यावे आणि हवा नीट ठेवावी. त्यानंतर टायर. मग मागच्या चाकाचे स्पोक वारंवार तुटत असतील तर तेच चाक डबल बटेड स्पोकांनी नव्याने बांधून घ्यावे. नवा हब आणि नवी रिम त्यानंतर, आणि तीही आधी मागच्याच चाकाची. पुढचे चाक बहुतेकांचे वर्षानुवर्षे चालते.

या निमित्ताने दुकानदारांकडे आणि संबंधितांकडे तीन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली बिलाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तरी पक्के बिल न देता विक्री करणारे आहेतच. ग्राहकाला पक्के बिल मिळावे, आणि त्यावर ‘एमटीबी व्हील सेट’ एवढेच न लिहिता रिमचे नाव व आतली रुंदी, हबचे माप, स्पोकांची संख्या, जाडी आणि लांबी लिहिलेली असावी. दुसरी मागणी प्रशिक्षणाची. चाक बांधणारे जुने मिस्त्री आता मोजकेच उरले आहेत आणि त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत. आपल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत धातूचा थकवा, ताण आणि मापे शिकवणारे शिक्षक आणि अवजारे दोन्ही आहेत. सायकल दुरुस्तीचा, आणि त्यात विशेषतः चाकबांधणीचा, अल्पमुदतीचा वर्ग तिथे सुरू झाला तर दुकानांतल्या तरुण कामगारांना त्याचा थेट उपयोग होईल, आणि जुन्या मिस्त्रींना मानधनावर शिकवायला बोलावता येईल. तिसरी मागणी अगदी साधी आणि जवळपास बिनखर्चाची आहे. मागच्या चाकाच्या उजव्या व डाव्या बाजूंच्या आणि डिस्क असलेल्या पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या स्पोकांची लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटरने वेगवेगळी असते, आणि ऐन वेळी नेमकी तीच मिळत नाही. तेव्हा चाक विकताना प्रत्येक लांबीचे दोन जादा स्पोक त्यांच्या निपलांसह एका पाकिटात घालून, पाकिटावर बाजू आणि लांबी लिहून, ग्राहकाच्या हाती द्यावेत.

आपला नियमित वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर